धानावरची कीड : औषधाच्या आधी वाणाची चौकशी व्हावी

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

भाद्रपद सरत आला, की धानावर तुडतुडे पडल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत येऊ लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली येथून त्या येतात आणि आम्हा ग्वाल्हेरकरांना त्या परक्या वाटत नाहीत, कारण हरसी धरणाच्या कालव्याखालच्या डबरा-भितरवार पट्ट्यातही हाच काळ धास्तीचा असतो. बातमीचा साचा बहुधा ठरलेला असतो. किती एकर पीक बसले, कोणते औषध किती लिटर पाण्यात मिसळून फवारावे आणि पंचनाम्याची मागणी कोणी केली, एवढे त्यात असते. ज्या शेतात पीक बसले तिथे कोणता वाण होता, बांधापलीकडचे शेत वाचले असेल तर तिथे कोणता होता, हा प्रश्न विचारलेला मी क्वचितच वाचला आहे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि सासरची थोडी जमीन भितरवारकडे असल्यामुळे धानाशी संबंधही राहिला. या दोन्ही नात्यांनी मला हा प्रश्न औषधाच्या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. किडीला तोंड देण्याची शक्ती कोणत्या बियाण्यात आहे, ती कशी शोधतात आणि एकदा सापडली म्हणजे काम संपते का, याविषयी आपल्या वाचकांपुढे काही मांडावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम किडीबद्दल. तपकिरी तुडतुडा, ज्याला इकडे भूरा फुदका म्हणतात, हा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा कीटक आहे. तो धानाच्या बुडाशी, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, सावलीत बसून रोपाचा अन्नरस शोषतो. त्यामुळे बांधावरून पाहणाऱ्याला पीक हिरवेगार दिसत असताना आत हजारो तुडतुडे जमलेले असू शकतात. मग एके दिवशी शेताच्या मधोमध एक गोल चट्टा पिवळा पडतो, पाहता पाहता तो तपकिरी होतो आणि चट्टे एकमेकांना मिळून सगळे शेत जळाल्यासारखे दिसते. याच किडीबरोबर धानाला खुजे करणारे विषाणूही पसरतात. फवारा वरच्या पानांवर पडतो आणि बुडापर्यंत पोहोचत नाही. मादी अंडी पानाच्या आवरणात, म्हणजे रोपाच्या पेशींच्या आत घालते, म्हणून अंड्यांना बहुतेक औषधे लागत नाहीत. उलट तुडतुड्यांवर जगणारे कोळी आणि त्यांची अंडी शोषणारे मिरीड ढेकूण मात्र त्या औषधाने मरतात. अंडी फुटून नवी पिढी बाहेर येते, तेव्हा तिला खाणारे कोणी उरलेले नसते. हा अनुभव साऱ्या आशियाने घेतला आहे. जावा बेटावर धानाचे मोठे नुकसान झाल्यानंतर इंडोनेशियाच्या सरकारने १९८६ साली भातशेतीत वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर एका फटक्यात बंदी घातली आणि पुढे औषधांवरचे अनुदानही काढून घेतले. औषध कमी करणे हा तिथे किडीवरचा उपाय ठरला, ही गोष्ट आपल्याकडच्या कृषी सल्ल्यांमध्ये आजही पुरेशी उतरलेली नाही.

आता प्रतिकारशक्तीबद्दल. किडीला तोंड देणारे रोप हे काम ढोबळमानाने तीन प्रकारे करते. कीटकाला ते रोप आवडतच नाही आणि तो त्यावर बसत नाही किंवा अंडी घालत नाही, हा एक प्रकार. बसला तरी त्या रोपाचा रस त्याला मानवत नाही, त्याची वाढ खुंटते आणि प्रजा घटते, हा दुसरा. तिसऱ्या प्रकारात कीटक बसतो, खातो, वाढतो, पण रोप ते सोसते आणि पीक देते. संशोधकांनी पाठलाग केला तो मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा, कारण त्यात एखादे प्रभावी जनुक सापडण्याची शक्यता अधिक असते आणि ते दुसऱ्या वाणात नेता येते. केरळातील पट्टांबी येथील त्रिवेणी हा वाण सोसणाऱ्यांपैकी म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या मते या तिसऱ्या प्रकाराकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले गेले नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

हा शोध कसा चालतो, हे जाणून घेण्यासारखे आहे, कारण त्यात महागडी यंत्रे थोडी आणि चिकाटी फार लागते. एका उथळ ट्रेमध्ये निरनिराळ्या वाणांच्या ओळी पेरतात. त्यांच्यात दोन ओळी मुद्दाम पेरलेल्या असतात. एक असते टीएन-१ या तैवानच्या बुटक्या वाणाची, ज्याला तुडतुडे हमखास मारतात. दुसरी असते पीटीबी-३३ या पट्टांबीच्या वाणाची, जो सहसा तग धरतो. रोपे आठ-दहा दिवसांची झाली, की प्रत्येक रोपामागे आठ-दहा पिल्ले पडतील अशा बेताने पाळलेले तुडतुडे त्या ट्रेवर सोडतात आणि वाट पाहतात. टीएन-१ ची जवळजवळ सगळी रोपे मेली, की त्या दिवशी प्रत्येक ओळीला शून्य ते नऊ असे गुण देतात. शून्य म्हणजे काहीच इजा नाही, नऊ म्हणजे ओळ मेली. हजारो वाणांतून अशा ट्रेमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या ओळी हिरव्या राहतात. त्या पुन्हा पेरायच्या, पुन्हा पारखायच्या, आणि मग त्या का हिरव्या राहिल्या हे पाहायचे. त्यासाठीची एक परीक्षा मला विशेष आवडते. तुडतुडा जितका अन्नरस पितो तितका चिकट, गोड द्रव बाहेर टाकतो. रोपाच्या बुडाशी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंजकात बुडवून वाळवलेला गाळणकागद ठेवला, की अन्नरस पिणाऱ्या कीटकाच्या थेंबाने त्यावर निळा डाग उमटतो. नुसते पाणी वाहणाऱ्या नलिकांतून शोषले असेल, तर डाग निळा होत नाही. हे डाग आलेखाच्या कागदावर मोजले म्हणजे कीटकाने किती खाल्ले ते कळते. प्रतिकारक रोपावर बसलेला कीटक सोंड खुपसतो, काढतो, पुन्हा खुपसतो आणि अर्धपोटी राहतो, हे त्या कागदावरून वाचता येते. शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही करता येईल इतका हा प्रयोग साधा आहे.

गादमाशी या धानाच्या दुसऱ्या मोठ्या किडीसाठी परीक्षा निराळी, आणि तिथे प्रतिकारक वाणाची गरज तर अधिकच निकडीची आहे. गादमाशीची अळी फुटव्याच्या वाढत्या कोंबात शिरते, कोंबाचे रूपांतर कांद्याच्या पातीसारख्या पोकळ चंदेरी पोंग्यात होते आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. पोंगा दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते, आणि अळी आत असताना फवारा तिच्यापर्यंत जाणार कसा? इथे वाण प्रतिकारक आहे की नाही, याचे उत्तर बहुधा स्वच्छ हो किंवा नाही असे मिळते, कारण बहुतेक प्रतिकारक वाणांवर अळी जगतच नाही. काही वाणांत अळीच्या भोवतालच्या पेशी स्वतः मरून तिला उपाशी मारतात, तर काहींत तसे काही न दिसताही अळी मरते.

ही जनुके सापडली कुठे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मराठी वाचकाने वाचावे असे आहे. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० साली स्थापन झाली आणि तिथे १९६७ च्या सुमारास तुडतुड्यांना दाद न देणारा पहिला ठळक वाण म्हणून ज्याची नोंद झाली, तो मुडगो हा भारतीय वाण होता. त्यातील जनुकाला बीपीएच-१ (तपकिरी तुडतुड्याच्या इंग्रजी नावातील अक्षरांवरून) हे नाव मिळाले आणि एएसडी-७ या तमिळनाडूच्या वाणातील जनुकाला बीपीएच-२. १९७१ साली या दोघांचा अनुवंश उलगडणाऱ्या संशोधकांत दिलबागसिंग अठवाल हे आपलेच होते. पुढची दोन जनुके श्रीलंकेच्या रथू हीनाटी आणि बाबवी या वाणांतून आली. पाचवे आले आसामातून. १९६७ नंतरच्या काही वर्षांत ईशान्य भारताच्या डोंगराळ भागांतून सहा हजारांहून अधिक वाण गोळा करण्यात आले होते. त्या संग्रहातील नुसते क्रमांक धारण करणारे वाण तुडतुडे आणि गादमाशी या दोन्हींच्या विरुद्ध पुढे अनेकदा उपयोगी पडले. गादमाशीविरुद्ध आजवर अकरा-बारा जनुके ठाऊक झाली आहेत. त्यांतील आठव्या क्रमांकाचे जनुक झिटपिटी या छत्तीसगडच्या गावरान वाणात आहे. एखाद्या आदिवासी पाड्यावर, केवळ खायला बरे आणि पडीक जमिनीतही येते म्हणून पिढ्यान्पिढ्या राखलेले हे बी आज प्रयोगशाळेतील मार्करच्या, म्हणजे जनुकाचा माग दाखवणाऱ्या डीएनएतील खुणेच्या, साहाय्याने नव्या वाणांत नेले जाते.

छत्तीसगडचे नाव निघाले म्हणून थोडे विषयाच्या कडेचे, पण सोडवत नाही असे. तो भाग तेव्हा आमच्या मध्य प्रदेशात होता. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. रा. ह. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात रायपूर येथे राहून गावोगावचे हजारो धान गोळा केले. ते जेथे काम करीत ती संस्था पुढे बंद झाली, संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला आणि २००२ साली त्या संग्रहाचा लाभ सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीला देणारा करार होऊ घातला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी तो बारगळला. बी परदेशी कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून लोक रस्त्यावर उतरले, हे चांगलेच झाले. पण त्या संग्रहातील किती वाण किती किडींविरुद्ध आणि कोणत्या साली पारखले गेले, हे विचारायला मात्र कोणी रस्त्यावर उतरले नाही, आणि माझे गाऱ्हाणे नेमके तिथे आहे.

गावरान वाणांच्याही पलीकडे रानभात आहे. तुडतुड्यांबरोबर पसरणाऱ्या एका खुजेपणाच्या विषाणूविरुद्ध फिलिपिन्सच्या संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, तेव्हा केवळ एका रानभातात प्रतिकार आढळला. तो उत्तर प्रदेशातून १९६३ साली गोळा केलेला ओरायझा निवारा या जातीचा नमुना होता, आणि त्यातीलही थोड्याच रोपांत तो गुण होता. त्यावरून १९७४ मध्ये त्या संस्थेच्या आयआर मालिकेतील आयआर-२८, २९ आणि ३० हे वाण निघाले. त्यानंतर आलेल्या आयआर-३६ मध्येही त्या रानभाताचा वाटा आहे, शिवाय कटकहून गेलेल्या एका ओळीमार्फत पट्टांबीच्या वाणांचाही आहे. ऐंशीच्या दशकात एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर लावला गेलेला हा वाण डॉ. गुरुदेव खुश यांच्या हातचा. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही म्हणून ज्या घरांत देवभात शिजतो, त्यांनी आणि हरछठीच्या उपासाला ग्वाल्हेरच्या बाजारातून पसईचा तांदूळ घेणाऱ्या आमच्या शेजारणींनी हे जरूर ऐकावे, कारण तळ्याकाठी आपोआप उगवणारा आणि पिकताच झडून जाणारा हा तांदूळ याच रानभातांच्या गोतावळ्यातला आहे. ती तळी बुजवून वसाहती उभ्या राहत आहेत. पुढे चीनमध्ये ओरायझा ऑफिसिनॅलिस या आणखी दूरच्या रानभातातून आलेले बीपीएच-१४ हे जनुक २००९ साली पूर्णपणे वेगळे काढून वाचण्यात आले. तुडतुड्यांविरुद्धच्या जनुकांपैकी इतक्या बारकाईने उलगडलेले ते पहिले. आज अशा जनुकांची संख्या ४० च्या वर गेली आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मग प्रश्न सुटलाच. चाळीस जनुके हाताशी आहेत, वाण तयार करा आणि वाटा. असे झाले असते, तर हे पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. मुडगोचे जनुक घेऊन १९७३ साली आयआर-२६ हा वाण आला आणि फिलिपिन्स, इंडोनेशिया व व्हिएतनाममध्ये झपाट्याने पसरला. दोन-तीन वर्षांतच त्याच्यावर तुडतुडे पोसू लागले. ज्या थोड्या कीटकांना त्या रोपाचा रस मानवत होता तेच वाचले आणि त्यांचीच प्रजा लाखो एकरांवर वाढली. मग दुसरे जनुक असलेला आयआर-३६ आला, तोही काही ठिकाणी काही वर्षांनी बाधला, मग तिसरे जनुक शोधावे लागले. आपल्याकडची गोष्ट याहून बोलकी आहे. दक्षिण आशियातील तुडतुड्यांवर बीपीएच-१ आणि बीपीएच-२ यांचा प्रभावच पडत नाही, म्हणजे फिलिपिन्समध्ये प्रतिकारक ठरलेला वाण इथे आणून लावला तर तो पहिल्याच हंगामात बसू शकतो. गादमाशीचे तर भारतातच सात प्रकार ओळखले गेले आहेत. रायपूरचा, कटकचा, रांचीचा, मणिपूरचा असे ते निरनिराळे वागतात, आणि एका ठिकाणी अभेद्य असलेला वाण दुसऱ्या ठिकाणी चंदेरी पोंग्यांनी भरून जातो. आंध्रातील फाल्गुना हा वाण गादमाशीला पुरून उरेल असे वाटत होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात श्रीकाकुलमकडे तोच मोठ्या प्रमाणावर बाधला आणि तिथल्या माशीला नवा प्रकार मानून वेगळा क्रमांक द्यावा लागला.

यातून जो निष्कर्ष निघतो तो जनुककोशांच्या उद्घाटनाच्या भाषणांत ऐकू येत नाही. शीतगृहात उणे १८ अंशांवर ठेवलेले बी वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते. शेतातला तुडतुडा राहत नाही. म्हणून एखाद्या वाणापुढे १९८० साली लिहिलेला ‘प्रतिकारक’ हा शेरा आज खरा असेलच असे नाही, आणि रायपुरात खरा असला तरी भितरवारात असेलच असेही नाही. त्याचप्रमाणे ज्या नमुन्यांना तेव्हा नापास केले, ते निराळ्या किडीपुढे किंवा किडीच्या निराळ्या प्रकारापुढे कधी पारखलेच गेले नाहीत, असेही असंख्य असणार. प्रतिकारशक्तीचा शोध हे एकदा करून संपवायचे काम नाही. पेरणीसारखे ते दर हंगामात, त्या त्या ठिकाणच्या किडीसमोर पुन्हा करावे लागते. हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथील भारतीय भात संशोधन संस्थेच्या समन्वित प्रकल्पात, जो १९६५ पासून चालू आहे, देशभरातील केंद्रांवर एकच वाणसंच लावून कुठे कोणता टिकतो हे पाहण्याची पद्धत आहे आणि ती अतिशय मोलाची आहे. पण अशी केंद्रे जिथे धानाचा जुना पसारा आहे तिथे आहेत. आमच्या चंबळ-ग्वाल्हेर भागात कालव्यामुळे धान आले ते त्या मानाने अलीकडचे, आणि त्याकडे किडींच्या अभ्यासाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. ग्वाल्हेरला २००८ पासून स्वतंत्र कृषी विद्यापीठ आहे, तेव्हा पन्नास-शंभर वाणांचे ट्रे दर पावसाळ्यात इथल्याच तुडतुड्यांसमोर ठेवणे अशक्य नसावे.

जनुके एकेक करून खर्ची घालण्याऐवजी दोन-तीन जनुके एकाच वाणात आणावीत, म्हणजे किडीला ती एकाच वेळी ओलांडणे कठीण जाईल, असा विचार आता सर्वत्र मान्य झाला आहे आणि डीएनए मार्करमुळे तो शक्यही झाला आहे. तो योग्यच आहे. परंतु जो वाण किडीला पूर्ण उपाशी मारतो, तोच तिच्यावर बदलण्याचा सर्वाधिक दबाव आणतो, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच वर म्हटलेल्या सोसणाऱ्या वाणांबद्दल मला आस्था वाटते. ते किडीला मारत नाहीत, तिला बदलायला भाग पाडत नाहीत, कोळ्यांनाही खाद्य पुरवतात आणि तरीही लोंबी भरतात. त्यांचा अनुवंश गुंतागुंतीचा आहे, अनेक लहान लहान जनुकांनी मिळून तो घडतो, त्यामुळे एका शोधनिबंधात तो मावत नाही आणि बढतीच्या अर्जात शोभत नाही, हेच कदाचित त्यांच्याकडे झालेल्या दुर्लक्षाचे कारण असेल.

खोडकिड्याबद्दल थोडक्यात सांगणे भाग आहे. पिवळ्या खोडकिड्याने गाभा मेलेला फुटवा आणि पांढरी पळींज, म्हणजे दाणे न भरलेली लोंबी, ओढून पाहिलेली नाही असा धान उत्पादक शेतकरी नसेल. परंतु लागवडीच्या धानात त्याच्याविरुद्ध खात्रीचे जनुक अजून हाती आलेले नाही. टीकेएम-६ या तमिळनाडूच्या वाणात मध्यम प्रतिकार होता, त्याच्यापासून आयआर-२० आणि आपल्याकडचा रत्ना हे वाण आले, आणि तो प्रतिकार मध्यमच राहिला. काही रानभातांत अधिक आहे, पण त्यांचा धानाशी संकर जुळवणे जिकिरीचे असते. जिवाणूचे जनुक घालून केलेल्या भाताची चर्चा याच उणिवेतून सुरू झाली. तो वाद इथे काढत नाही.

आता ग्वाल्हेरच्या शेतकऱ्याकडे येते. डबऱ्याच्या मंडीत धानाचा भाव ठरतो तो दाण्याच्या लांबीवर आणि वासावर, आणि त्यामुळे पुसा बासमती ११२१ सारखे लांब दाण्याचे वाण इथे पसरले. मध्य प्रदेशातील या धानाला बासमती म्हणायचे की नाही, हा भौगोलिक संकेताचा वाद न्यायालयात गेला, कारण २०१६ च्या नोंदणीत आमच्या राज्याचा समावेश नव्हता. मोठमोठे वकील त्यावर बोलले. त्या वाणावर तुडतुडे सहज पोसतात, यावर मात्र मंडीत किंवा मंत्रालयात कोणी बोलत नाही. शेतकरी मग ब्युप्रोफेझिन, अ‍ॅसिफेट फवारतो, दाण्यात अंश उतरतो आणि निर्यातदार तो माल नाकारतो. पंजाब सरकारला २०२२ मध्ये बासमतीच्या हंगामापुरती दहा औषधांची विक्री थांबवावी लागली, त्यांत ही दोन्ही होती. बंदी घालणे सोपे आहे, पण ज्याच्या शेतात चट्टे पडू लागले आहेत त्याला दुसरे काय द्यायचे, हे बंदीच्या आदेशात लिहिलेले नसते. देता आले असते ते बियाणे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ हे वाण दिले, ज्यांत जुन्या बासमतीचा दाणा आणि वास राखून कडा करपा व करपा या दोन रोगांविरुद्धची जनुके मार्करच्या साहाय्याने आणली आहेत. रोगांबाबत जे जमले ते तुडतुड्यांबाबतही जमायला हवे, आणि त्यासाठी लागणारी जनुके पट्टांबी, आसाम आणि श्रीलंकेच्या जुन्या वाणांत आहेत, हे वर आलेच आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. पीटीबी-३३ किंवा रथू हीनाटी यांचा दाणा भरड, रोप उंच आणि उत्पन्न कमी. त्यांच्याशी संकर केला, की हव्या असलेल्या जनुकाच्या शेजारची नको असलेली जनुकेही चिकटून येतात, भात मऊ होत नाही, वास जातो आणि मंडीत भाव पडतो. ती चिकटून आलेली जनुके तोडण्यासाठी पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर करावा लागतो आणि त्यात कित्येक हंगाम जातात. पण याचा अर्थ काम आज सुरू करायला हवे असा होतो, ते करू नये असा होत नाही. एक उद्रेक झाला, की दोन वर्षे निधी येतो आणि मग आटतो. तुडतुड्यांची पैदास ठेवणारा, ट्रे पेरणारा आणि दररोज ओळी मोजणारा तंत्रज्ञ कंत्राटावर असतो. त्याचा करार संपला, की पिंजऱ्यातले तुडतुडे मरतात आणि पुढच्या वर्षी सगळे पहिल्यापासून. मोठ्या इमारती आणि अनुक्रमणाची यंत्रे यांच्यासाठी पैसा मिळतो. कीटक जिवंत ठेवण्यासाठी मिळत नाही. जनुकांची अक्षरे वाचणे आता स्वस्त झाले आहे, परंतु कोणते रोप हिरवे राहिले हे पाहणारे डोळे नसतील, तर त्या अक्षरांचा अर्थ लावायचा कशावरून?

आणखी एक बाजू हक्काची आहे. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क यांविषयीचा २००१ चा कायदा सांगतो, की शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणाचा उपयोग करून नवा वाण निघाला, तर लाभाचा वाटा जनुक निधीमार्फत त्या समाजाला मिळावा. झिटपिटी किंवा मुडगो पहिल्यांदा कोणी राखले, ते आज सांगता येणार नाही. पण यापुढे जे नमुने गोळा होतील, त्यांच्याबरोबर गावाचे, समाजाचे आणि त्या धानाविषयी तिथल्या लोकांच्या म्हणण्याचे टिपण असावे. ‘याला कीड लागत नाही’ असे एखादी म्हातारी सांगत असेल तर ते तसेच लिहून ठेवावे. ट्रेमध्ये ते खरे ठरेल वा न ठरेल, पण हजारो नमुन्यांतून आधी कोणते पारखायचे, याचा त्याहून चांगला सुगावा संशोधकाला मिळणार नाही.

आपल्या पत्राकडून माझी विनंती मर्यादित आहे. किडीच्या उद्रेकाची बातमी देताना बातमीदाराने बाधित शेतातला आणि न बाधलेल्या शेतातला वाण, लावणीची तारीख आणि युरियाचे प्रमाण ही तीन उत्तरे शेतकऱ्याकडून घ्यावीत आणि छापावीत, कारण दाट लावणी आणि युरियाचा अतिरेक यांनी प्रतिकारक वाणही बेजार होतो. औषधाचे नाव त्यानंतर यावे. दुसरे असे, की मे महिन्याच्या उत्तरार्धात, म्हणजे बियाणे विकत घेण्याच्या दिवसांत, आपल्या भागासाठी शिफारस झालेल्या धानाच्या वाणांपुढे तुडतुडे, गादमाशी आणि खोडकिडा यांना ते कितपत तोंड देतात आणि ही पारख कोणत्या केंद्रावर, कोणत्या वर्षी झाली, याचा तक्ता कृषी विद्यापीठांकडून मागवून प्रसिद्ध करावा. ज्या रकान्यात अलीकडचे वर्ष लिहिता येणार नाही तो रकाना तसाच रिकामा छापावा, म्हणजे विद्यापीठाला त्याबद्दल विचारणे शेतकऱ्यांना आणि त्यांच्या आमदारांना सोपे जाईल. सप्टेंबरमध्ये चट्टे पडल्यावर या माहितीचा त्या वर्षापुरता काही उपयोग नसतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर